माणूस नसताना चालणारी वीज आणि सेन्सरचं गणित

दुपारी चार वाजता कुठल्याही ऑफिसातली मीटिंग रूम बघा. मीटिंग साडेतीनलाच संपलेली असते, सगळे उठून चहाला गेलेले असतात, आणि आत एसी १८ वर, लाईट सगळे चालू, भिंतीवरचा मोठा टीव्ही कोणाचा तरी लॅपटॉप जोडला जाईल म्हणून उजळलेला, आणि हे असंच संध्याकाळी हाऊसकीपिंगवाले येईपर्यंत चालतं. तीच माणसं घरी बाथरूमचा बल्ब जरा जास्त वेळ राहिला तरी पोरांना ओरडतात. बेफिकीर कोणीच नाहीये, घरी बिल आपल्या खिशातून जातं आणि ऑफिसात कंपनीच्या, एवढाच काय तो फरक.

खोलीत कोणी आहे की नाही हे ओळखून लाईट, पंखा, एसी आपोआप चालू-बंद करणाऱ्या सेन्सरबद्दल हल्ली खूप लोक विचारतात, आणि माझं मत मी आधीच सांगून टाकतो: जिथे बटण दाबणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, तिथे हा सेन्सर खरा कमावतो. मीटिंग रूम, सोसायटीचं पार्किंग, जिना, हॉस्टेलचा पॅसेज, कॉलेजचे वर्ग, सरकारी ऑफिसातले टॉयलेट. घरात त्याचा उपयोग आहे, पण मोजक्या दोन-तीन ठिकाणी, आणि ती कुठली हे कळायला तो काम कसं करतो ते आधी समजून घ्यायला हवं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे दिसणारा प्रकार म्हणजे पीआयआर, पॅसिव्ह इन्फ्रारेड. जिन्यात कोपऱ्यात जी दुधी पांढरी अर्धगोल टोपी दिसते ना, ती. पॅसिव्ह अशासाठी की तो स्वतः काहीच सोडत नाही, नुसता बघतो. आपल्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडत असते, ९-१० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासची, डोळ्याला न दिसणारी. टोपीच्या आत एक बारीकसा पायरोइलेक्ट्रिक तुकडा असतो, त्याचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले, त्यामुळे दोन्हीवर सारखी उष्णता पडली तर हिशोब शून्य आणि एकावर आधी, दुसऱ्यावर नंतर पडली तर सिग्नल. आणि ती टोपी म्हणजे फ्रेनेल लेन्स, १८२० च्या दशकात फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी जे भिंग बनवलं त्याच तत्त्वावरचं प्लास्टिकचं छोटं भिंग, जे समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. माणूस चालला की तो एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो, जिन्याच्या कठड्यामागून कोणी गेलं की दिसतं, लपतं, परत दिसतं तसं, आणि त्या चढउतारावरून सेन्सर म्हणतो कोणीतरी आहे.

आता याच्यातच पीआयआरच्या सगळ्या खोड्या लपलेल्या आहेत. त्याला बदल दिसतो, माणूस दिसत नाही. तुम्ही खुर्चीत शांत बसून वाचत असाल तर त्याच्या लेखी खोली रिकामी. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसल्या बसल्या लाईट जातो आणि मग हात वर करून हलवत बसावं लागतं ते यामुळेच. आडवं चालणारा माणूस त्याला पटकन दिसतो, सरळ त्याच्या दिशेने येणारा उशिरा, कारण सरळ येताना पट्टे कमी ओलांडले जातात, म्हणून पॅसेजच्या टोकाला सेन्सर लावला की लाईट माणूस अर्ध्यात आल्यावर लागतो आणि लोक म्हणतात माल खराब आहे. काचेतून त्याला काहीच दिसत नाही, ही लांब तरंगलांबीची उष्णता साधी काच अडवते. एसीचा झोत समोरून येत असेल किंवा उन्हाने तापलेला पडदा हलत असेल तर कोणी नसताना चालू होतो. लेन्सवर पाल किंवा कोळी फिरला तरी होतो, जिन्यातल्या दिव्यापाशी किडे येतात आणि किड्यांमागे पाली, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे रोजचाच, महिन्यातून एकदा टोपी कोरड्या फडक्याने पुसली तरी बराच फरक पडतो.

अजून एक गोष्ट बॉक्सवर कोणी लिहीत नाही. पीआयआरला माणूस दिसतो तो आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गरम असतो म्हणून. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश, कपड्यांवरून त्याहून कमी. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बिनएसीच्या खोलीतल्या भिंतीच ३५-३६ ला पोचलेल्या असतात, मग फरक उरतो कुठे? सेन्सर तोच, जागा तीच, पण डिसेंबरात लांबूनच ओळखणारा उन्हाळ्यात बराच जवळ आल्याशिवाय दाद देत नाही. विदर्भात जिन्यात किंवा शाळेत लावणार असाल तर हे लक्षात ठेवूनच अंतर कमी धरा.

स्वतः करून बघायचं असेल तर बाजारात एचसी-एसआर५०१ नावाचा हिरवा छोटा मॉड्यूल मिळतो, शे-दीडशेच्या आत. त्याच्यावर दोन पिवळे-केशरी स्क्रू असतात. एक किती लांबचं बघायचं त्याचा, दुसरा हालचाल थांबल्यावर किती वेळ चालू ठेवायचं त्याचा. या मॉड्यूलमध्ये ही वेळ पाचेक मिनिटांपर्यंतच जाते, भिंतीवरच्या तयार सेन्सरमध्ये जास्त, पण सेन्सर कुठलाही असो, ही वेळ म्हणजे अख्ख्या विषयाचा जीव आहे असं मी म्हणेन. वेळ कमी ठेवली, समजा ३० सेकंद, तर वीज जास्त वाचते पण माणूस वैतागतो, आणि वैतागलेला माणूस आठवड्याभरात सेन्सरवर चिकटपट्टी लावतो नाहीतर वायरमनला सांगून डायरेक्ट करून घेतो, मग बचत शून्य. वेळ अर्धा तास ठेवली तर कोणी तक्रार करत नाही पण एक माणूस डोकावून गेला तरी अर्धा तास लाईट. जिन्याला एक-दोन मिनिटं पुरतात, टॉयलेटला दहा, मीटिंग रूमला पंधरा. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१७ साली ईसीबीसी नावाचा जो वीजबचतीचा कोड काढला त्यातही हाच आकडा आहे, माणूस गेल्यावर १५ मिनिटांच्या आत लाईट बंद झाला पाहिजे, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे माणूस आत असताना लाईट बंद करता यावा म्हणून भिंतीवर हाताचं बटणही हवं असं त्यात म्हटलंय. प्रेझेंटेशनच्या वेळी अंधार हवा असतो आणि सेन्सर परत परत लाईट लावतो, हा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना त्या बटणाची किंमत कळेल.

शांत बसलेला माणूस ओळखायचा तर दुसरं तंत्र लागतं, एमएमवेव्ह म्हणजे मिलिमीटर-वेव्ह रडार. हा स्वतः रेडिओ लहरी सोडतो, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या, आणि परत आलेल्या लहरींवरून समोरचं किती हललं ते मोजतो. इतकं बारीक मोजतो की श्वास घेताना छाती थोडीशी वरखाली होते तेवढंही त्याला पुरतं, म्हणून पुस्तक वाचणारा, झोपलेला माणूस सुद्धा त्याला दिसतो. उन्हाळ्याच्या गरमीचा त्याच्यावर परिणाम नाही. हे ऐकून वाटतं मग सगळीकडे हाच लावू, पण आपल्या घरात छताला काय असतं? पंखा. रडारला फिरणारी पाती म्हणजे कायम हलणारं काहीतरी, त्यामुळे पंखा चालू आहे तोवर खोलीत माणूस आहे, आणि माणूस आहे तोवर पंखा चालू, असं ते चक्र सुरू होतं आणि पंखा कधी बंदच होत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून मागवणाऱ्यांची इथे पंचाईत होते कारण त्या व्हिडिओतल्या खोल्यांना बहुतेक वेळा छताचा पंखाच नसतो.

यावर उपाय आहे. एलडी२४१० सारख्या स्वस्त रडारमध्ये समोरच्या अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता मोबाईलवरून वेगळी ठेवता येते. सेन्सर छताला न लावता भिंतीवर कंबर ते छातीच्या उंचीला, पलंगाकडे किंवा टेबलाकडे तोंड करून लावायचा म्हणजे पंखा त्याच्या नजरेच्या कडेला जातो, मग खोलीत कोणी नसताना पंखा फुल स्पीडला ठेवून कुठल्या टप्प्यात आकडा वर जातो ते बघायचं आणि त्या टप्प्याची संवेदनशीलता उतरवायची. तासभराचं काम आहे, पण हे न करता लावला तर पैसे वाया. दुसरं म्हणजे रडार पातळ प्लायवूड, पडदा, काच यातून पलीकडचं बघतो. काचेच्या केबिनमध्ये लावला आणि बाहेरच्या पॅसेजमधून लोक ये-जा करतायत तर केबिनचा लाईट दिवसभर चालूच. तिथे पीआयआर बरा, त्याला काचेपलीकडचं दिसतच नाही. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण, म्हणून चांगली सिस्टम दोन्ही वापरते: चालू करायचं ठरवतो पीआयआर कारण तो पटकन आणि खात्रीने सांगतो की कोणीतरी आत आलं, आणि चालू ठेवायचं ठरवतो रडार.

बाथरूमसाठी तर रडारचीही गरज नाही, दाराला लावायचा छोटा चुंबकाचा सेन्सर आणि एक पीआयआर एवढं पुरतं, फक्त डोकं नीट वापरायचं. दार बंद झालं, आणि बंद झाल्यानंतर आत हालचाल दिसली, म्हणजे आत माणूस आहे आणि दार उघडेपर्यंत तो बाहेर जाऊच शकत नाही, मग तो कितीही शांत बसो, लाईट आणि एक्झॉस्ट चालू राहणार. दार उघडलं की मोजणी सुरू, दोन मिनिटांत हालचाल नाही तर बंद. चार ओळींचं लॉजिक आहे हे, होम असिस्टंटसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोणीही लिहू शकतं आणि हात हलवत बसायचा प्रकार संपतो.

घरासाठी अजून एक साधी युक्ती, चालू हाताने आणि बंद आपोआप. खोलीत गेल्या गेल्या लाईट लागलाच पाहिजे असं नसतं, दिवसा उजेड असतो, रात्री पाणी प्यायला उठलेल्याला ट्यूबचा झगमगाट नको असतो. माणसाला विसर पडतो तो बंद करायचा, चालू करायचा कोणी विसरत नाही. त्यामुळे सेन्सरला फक्त बंद करायचं काम दिलं की अर्ध्या कटकटी मिटतात आणि बचत उलट वाढते.

आता गणित, कारण सगळा प्रश्न इथेच सुटतो. बाथरूमचा ९ वॉटचा एलईडी रोज ५ तास उगाच राहतो असं धरू. महिन्याला झाले १.३५ युनिट. आणि तो बंद करायला लावलेला वायफाय स्विच स्वतः २४ तास जागा असतो, १ वॉट धरला तर महिन्याला ०.७२ युनिट तोच खातो. म्हणजे वाचलं अर्ध्याहून कमी, आणि स्विच आला हजाराच्या आसपास. पंख्याचं बघा, जुना ७५ वॉटचा पंखा रोज ४ तास रिकाम्या खोलीत फिरतो, महिन्याला ९ युनिट. पण तोच पंखा काढून २८ वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला आणि तो दिवसाला १० तास चालला तर महिन्याला १४ युनिट वाचतात, सेन्सर न लावताच. घरात आधी पंखा बदला, सेन्सरचं नंतर बघू, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सोसायटीचं पार्किंग घ्या आता. २० वॉटच्या ४० ट्यूब, संध्याकाळी ७ ते सकाळी ६, म्हणजे ११ तास. रात्रीला ८.८ युनिट, महिन्याला २६४. रात्री बारानंतर तिथे असतं कोण? वॉचमन आणि उशिरा येणारी एखादी गाडी. सेन्सरवाल्या ट्यूब मिळतात ज्या कोणी नसताना पूर्ण बंद न होता ३० टक्क्यांवर येतात, अंधार होत नाही, बायकामुलांना भीती वाटत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, आणि कोणी आलं की फुल. एकेक ट्यूब रात्रीत एकूण २ तास फुल आणि ९ तास मंद धरली तर महिन्याचे २६४ चे होतात साधारण ११३. दीडशे युनिट दर महिन्याला, बाराही महिने, कोणीही काही न करता. सोसायटीच्या सभेत पार्किंगचे अर्धे लाईट काढून टाका असं कोणीतरी म्हणतं आणि मग भांडणं होतात, त्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. पैसेही एकदम घालायची गरज नाही, जी ट्यूब जाईल तिच्या जागी सेन्सरवाली लावत गेलं तरी वर्ष-दोन वर्षांत काम होतं.

आणि सगळ्यात मोठा मासा म्हणजे एसी. मीटिंग रूमचा एसी रिकाम्या खोलीत तासाला १ युनिट जरी खात असेल आणि खोली दिवसाचे ६ तास रिकामी असेल तर २२ कामाच्या दिवसांत १३२ युनिट झाले, एका एसीचे, तेही व्यावसायिक दराने जो घरगुती दरापेक्षा बराच जास्त असतो. पण एसी हा ट्यूबसारखा पटापट चालू-बंद करायची वस्तू नाही. त्याच्या सॉकेटला स्मार्ट प्लग लावून चालत्या कॉम्प्रेसरचा करंट तोडणं हा प्रकार कृपा करून करू नका. रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारी छोटी डबी मिळते ती वापरा. एसीच्या रिमोटची एक छान गोष्ट आहे, बटण कुठलंही दाबा, बहुतेक रिमोट दर वेळी अख्खी स्थिती पाठवतात, मोड कुठला, तापमान किती, पंखा किती, त्यामुळे डबीने पाठवलेला आदेश आणि एसी प्रत्यक्षात काय करतोय यात सहसा गोंधळ होत नाही. टीव्हीचं तसं नाही, तिथे एकच पॉवर बटण चालूला बंद आणि बंदला चालू करतं. नियम पायऱ्यांचा ठेवा: १५ मिनिटं कोणी नाही तर तापमान २८ वर न्या, ४० मिनिटं कोणी नाही तर बंद. म्हणजे चहा पिऊन परत आलेल्यांना खोली तापलेली मिळत नाही. आणि माणूस असताना सुद्धा १८ च्या जागी २४ ठेवा, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने दर अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते, १ जानेवारी २०२० पासून नवीन स्टार लेबलवाल्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ च ठेवणं बंधनकारक केलं ते याचसाठी.

गिझरला सेन्सर लावू का, हाही प्रश्न येतो. नको. १५ लिटर पाणी २५ वरून ६० ला न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, २ किलोवॉटच्या गिझरला वीसएक मिनिटं, आणि माणूस बाथरूममध्ये शिरल्यावर गिझर चालू होऊन काय उपयोग? त्याला टायमर पाहिजे, तोही १६ अँपिअरचा. ६ किंवा १० अँपिअरचा स्मार्ट प्लग गिझरला लावून वितळवलेली उदाहरणं आहेत. फ्रीज, राउटर, आजारी माणसाची मशीन, माशांची टाकी, यांच्या आसपास हे ऑटोमेशन आणूच नका.

आपल्याकडे लाईट जाते हेही धरून चालायला लागतं. बरेच स्मार्ट बल्ब आणि स्विच लाईट परत आली की स्वतःहून चालू होतात, रात्री तीनला अख्खं घर उजळतं, आणि गावी गेलेले असाल तर चार दिवस तसंच. अ‍ॅपमध्ये पॉवर-ऑन बिहेवियर नावाची सेटिंग शोधा आणि 'आधी होतं तसं' किंवा 'बंद' करून ठेवा. शिवाय निर्णय घरातल्या घरात होणारी सिस्टम घ्या, झिगबी किंवा मॅटरवाली, म्हणजे घरातली उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात अशी. सेन्सरने सांगितलेलं कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवर जाऊन परत येत असेल तर नेट गेल्यावर जिन्यात अंधार, आणि तुमच्या घरात कोण कधी असतं याचा हिशोब दुसऱ्याकडे जमा होत राहतो ते वेगळंच. कॅमेऱ्याने माणसं मोजणारे प्रकारही आहेत, ऑफिसात एकवेळ चालतील, घरात माझ्या मते नकोतच.

वायरिंगचं थोडंसं. बोर्डात मागे बसणाऱ्या स्मार्ट रिलेला, म्हणजे आदेश आला की करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला, न्यूट्रल लागतो. आपल्या खोल्यांच्या बोर्डात एखादं सॉकेट असतंच त्यामुळे न्यूट्रल बहुतेक वेळा सापडतो, पण जिन्यातल्या नुसत्या बटणाच्या बोर्डात तो नसतो, तिथे सेन्सर होल्डरमध्येच बसणारा घ्यावा किंवा ट्यूबच सेन्सरवाली घ्यावी. पंख्याच्या रेग्युलेटरच्या जागी बल्बचा डिमर चालत नाही, घुंघुं आवाज येतो आणि मोटर तापते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि एमसीबी पाडून.

मीटिंग रूम असो की पार्किंग, खरेदीच्या आधी एक आठवडा सेन्सर नुसता नोंदीसाठी लावून ठेवा, रिलेला काहीच न जोडता. तो 'कोणी आहे, कोणी नाही' एवढंच लिहीत राहील, बॅटरीवरचा साधा झिगबी पीआयआर पुरतो. दुसरीकडे लाईट-एसी किती तास चालू होते ते मीटरवरून किंवा डोळ्याने टिपून ठेवा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की रिकामे तास समोर येतात, त्याला त्या जागेच्या वॉटने गुणा, हजाराने भागून युनिट काढा आणि तुमच्या बिलावरचा वरच्या स्लॅबचा दर लावा, कारण वाचणारं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या स्लॅबमधलं असतं. घरगुती बिलात महिन्याला ३०० युनिटच्या वर जात असाल आणि वाचलेल्या युनिटमुळे खाली येत असाल तर फरक अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. सेन्सरची किंमत दीड-दोन वर्षांत सुटत असेल तर लावा, पाच वर्षं लागत असतील तर ती जागा सोडून पुढची बघा.